व्यायाम तुमचा, वही कंपनीची?

मराठी घरात आजारपणाची एक पिशवी असते. बहुतेक वेळा साडीच्या दुकानाची. तिच्यात एक्स-रेच्या फिल्म्स, सोनोग्राफीचे चकचकीत कागद, ईसीजीच्या फिकट होत चाललेल्या पट्ट्या, एमआरआयची सीडी आणि तीन वेगवेगळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या. पेशंट ती पिशवी टेबलावर उपडी करतो आणि आम्ही डॉक्टर मनातल्या मनात वैतागतो. पण या पिशवीसारखी सोय नाही. पुण्यात काढलेला एमआरआय परभणीचा डॉक्टर पाहू शकतो. मशीन कोणत्या कंपनीचं होतं, ती कंपनी अजून चालू आहे की बुडाली, आज दवाखान्यात नेट आहे की नाही, कशानेही अडत नाही.

हे आपोआप झालेलं नाही बरं का. एके काळी एका कंपनीच्या स्कॅनरमधली चित्रं दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावर उघडायची मारामार होती. अमेरिकेतल्या रेडिओलॉजिस्टांची संघटना आणि यंत्रं बनवणाऱ्यांची संघटना एकत्र बसल्या, १९८५ मध्ये पहिलं सामायिक प्रमाण आलं आणि १९९३ मध्ये त्याचंच ‘डायकॉम’ झालं. तुमच्या पिशवीतली सीडी कुठेही उघडते ती त्या भांडणाच्या कृपेने.

आता त्या पिशवीत एक नवी गोष्ट यायला हवी आणि ती येत नाहीये. व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटीचा, म्हणजे व्हीआरचा हेडसेट लावून तुम्ही जो व्यायाम करता, त्याची नोंद. तुम्ही हात किती वेळा उचललात, किती उंच उचललात, गेल्या आठवड्यापेक्षा आज किती वेगाने. ही नोंद हेडसेटच्या पोटात असते, तुमच्या डोक्यापासून चार बोटांवर, आणि तरी ती ना तुम्हाला दिसते ना तुमच्या फिजिओथेरपिस्टला. आधी ती इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरला जाणार, मग तिथून ‘डॅशबोर्ड’ नावाच्या रंगीत पाटीवर आपल्याला दर्शन देणार. नेट नसेल तर दर्शन नाही. माझं म्हणणं सरळ आहे: ज्या हेडसेटमधून पेशंटच्या सरावाची नोंद एका केबलने, इंटरनेटशिवाय, कुठेही उघडणाऱ्या फाईलमध्ये बाहेर काढता येत नाही, तो हेडसेट दवाखान्याने विकत घेऊ नये आणि पेशंटने त्याचे पैसे भरू नयेत.

व्हीआर म्हणजे पोरांचा खेळ, असं समजून हा लेख सोडू नका. अमेरिकेच्या एफडीएने २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये मुलांच्या आळशी डोळ्यासाठी आणि नोव्हेंबरमध्ये जुनाट कंबरदुखीसाठी व्हीआरवर चालणाऱ्या उपचारांना परवानगी दिली. आपल्याकडे मोठ्या शहरांतल्या पुनर्वसन केंद्रांत पक्षाघातानंतर हात-पाय सुधारायला, तोल सावरायला, जखडलेला खांदा मोकळा करायला हेडसेट वापरले जाताहेत. समोर झाड दिसतं, त्यावरचं फळ तोडायचं. फळ मात्र दर वेळी थोडं उंच. पेशंट रमतो, हे खरं आहे. भिंतीवर बोटांनी चढायच्या व्यायामाला कंटाळलेले आजोबा फळं तोडायला तयार होतात.

पण रमणं म्हणजे बरं होणं नव्हे. व्हीआरची जाहिरात करणारे जे सांगत नाहीत ते आधी सांगतो. पक्षाघातानंतरच्या व्हीआर उपचारांचा कॉक्रेनने २०१७ मध्ये मोठा आढावा घेतला. ७२ चाचण्या, २४७० पेशंट. (त्यात डोक्यावर चढवायच्या हेडसेटपेक्षा पडद्यासमोर खेळायचे प्रकार बरेच होते, हेही लक्षात ठेवा.) निष्कर्ष असा की नेहमीच्या व्यायामाच्या जागी व्हीआर दिलं तर हाताच्या कामात जास्त फायदा दिसत नाही. नेहमीच्या व्यायामाशिवाय वरून जादा दिलं, म्हणजे सरावाचा एकूण वेळ वाढवला, तर फायदा होऊ शकतो. म्हणजे गुण चष्म्याचा नाही, जादा सरावाचा आहे.

आणि जादा सरावाची गरज किती आहे ते पाहा. उत्तर अमेरिकेतल्या पुनर्वसन केंद्रांत निरीक्षकांनी बसून फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपीच्या ३१२ बैठका मोजल्या, २००९ मध्ये तो अभ्यास छापून आला. ज्या बैठकांत हाताच्या कामाच्या हालचाली करून घेतल्या गेल्या, तिथे त्यांची सरासरी होती ३२. फक्त ३२! प्राण्यांवरच्या ज्या प्रयोगांवरून आपण ‘सरावाने मेंदू नव्याने शिकतो’ असं म्हणतो, त्यांत एका बैठकीत शेकडो वेळा तीच हालचाल करून घेतलेली असते. तेव्हा पक्षाघाताच्या पेशंटच्या बाबतीत सगळ्यात मोलाचा प्रश्न कोणता? ‘आज किती वेळा?’ हा. आणि हेडसेट हे असं साधन आहे जे हा आकडा न थकता, न विसरता, घरच्यांच्या ‘केले हो बरेच’वर अवलंबून न राहता मोजतं.

नुसता आकडाच नाही. पक्षाघाताच्या पेशंटची एक लबाडी असते, तीही नकळत केलेली. हात पुढे जात नाही म्हणून तो कंबरेतून पुढे वाकतो. फळ हाताला लागतं, गुण मिळतात, टाळ्या वाजतात आणि कोपर होता तिथेच. ही सवय एकदा जडली की मोडायला फार कष्ट पडतात. आता गंमत बघा. हेडसेट डोक्यावर असतो, म्हणजे डोकं कुठे आहे ते त्याला दर क्षणी कळतं. हात पुढे जाताना डोकंही तेवढंच पुढे आलं, तर पेशंट वाकला. डोकं जागेवर राहून हात पुढे गेला, तर हात खरंच लांबला. मूळ नोंद हातात असेल तर हा फरक फिजिओथेरपिस्ट पाच मिनिटांत शोधून काढेल. पण डॅशबोर्डवर काय दिसतं? ‘शाब्बास! स्कोअर ८४०’. हे ८४० कशाचे, हे विचारलं की उत्तर मिळतं: ते आमचं अल्गोरिदम आहे. उद्या रक्तातली साखर मोजून लॅबने तुम्हाला ‘तीन तारे’ असा रिपोर्ट दिला तर चालेल का?

नेटचा प्रश्न शहरातल्या वाचकाला किरकोळ वाटेल, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. फिजिओथेरपीचा विभाग हॉस्पिटलात कुठे असतो, कधी नीट पाहिलंय? बऱ्याच ठिकाणी तळघरात. व्हीलचेअर न्यायला सोपं, जड सामान ठेवायला जागा, आणि वरचे मजले ‘कमाईच्या’ विभागांना. तिथे मोबाईलला रेंज नसते. हॉस्पिटलच्या वाय-फायवर बाहेरची उपकरणं जोडायला आयटी विभाग परवानगी देत नाही, आणि त्यांचं बरोबर आहे. दिल्लीच्या एम्समध्ये नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्व्हरवर हल्ला झाला, तेव्हा देशातल्या सगळ्यात नावाजलेल्या रुग्णालयाला कित्येक दिवस कागद-पेन घेऊन काम करावं लागलं. त्यानंतर कुठलाही आयटीवाला अनोळखी यंत्राला आपल्या जाळ्यात घेताना दहादा विचार करणारच.

आता तालुक्याला जा. वीज गेली की टॉवर जातो. पेशंट हेडसेट घरी नेतो, घर डोंगराच्या कुशीत, सुनेच्या फोनवर रेंज यायला गच्चीवर जावं लागतं. आणि रेंज असली तरी ती आपल्या हातात असतेच असं नाही. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर बीडमध्ये आंदोलन पेटलं तेव्हा जिल्ह्यात इंटरनेट बंद केलं गेलं. त्या दिवसांत बीडच्या पेशंटने व्यायाम करायचा नाही का? करायचा. आणि केलेला दाखवताही आला पाहिजे.

विक्रेत्याला हे सांगितलं की तो हसतो. ‘डॉक्टर, आजकाल नेट सगळीकडे आहे. एक डोंगल घ्या.’ मी म्हणतो, प्रश्न डोंगलच्या पैशांचा नाहीच. माझ्या पेशंटचा कागद माझ्याच टेबलावरून माझ्याच कपाटात ठेवायला तो आधी परदेशी का पाठवायचा?

यात तांत्रिक अडचण असती तर मी गप्प बसलो असतो. पण अडचण नाही. हेडसेट म्हणजे काय हो? डोळ्यांसमोर बांधलेला मोबाईल. मेटा क्वेस्टसारखे जे हेडसेट सर्रास दिसतात ते अँड्रॉइडवरच उभे आहेत. त्यांना टाईप-सी केबल लागते, कॉम्प्युटरला जोडले की आत डोळ्यांसमोर ‘फाईल्स पाहू द्यायच्या का?’ असं विचारलं जातं, हो म्हटलं की कॉम्प्युटरवर फोनसारखाच फोल्डर उघडतो. लग्नाचे फोटो फोनमधून लॅपटॉपवर घेता येणाऱ्या माणसाला हे जमतं. फक्त अ‍ॅप बनवणाऱ्याने नोंदीची फाईल अशा फोल्डरमध्ये ठेवली पाहिजे जो बाहेरून दिसतो. अँड्रॉइडमध्ये अ‍ॅपला दोन प्रकारच्या जागा मिळतात. एक आतली, कुलूपबंद, केबल जोडली तरी न दिसणारी. दुसरी बाहेरची, दिसू शकणारी. कुठली वापरायची हे बनवणारा ठरवतो. तुमची नोंद दिसत नाही ती ‘तंत्रज्ञानामुळे’ नाही, कुणीतरी तसं ठरवलं म्हणून.

नोंद प्रचंड मोठी असते, केबलने कशी येणार, असंही एकाने मला ऐकवलं. चला, हिशेब करू. डोकं, डावा हात, उजवा हात. प्रत्येकाची जागा सांगायला ३ आकडे आणि कल सांगायला ४. तिन्हींचे मिळून २१ आकडे. सेकंदाला ७२ वेळा नोंदले तर २० मिनिटांच्या व्यायामाचे साधारण १८ लाख आकडे होतात. ऐकायला खूप वाटतात. एका आकड्याला ४ बाइट धरले तर सगळं मिळून सुमारे ७ एमबी. साध्या मजकुराच्या फाईलमध्ये, म्हणजे एक्सेलमध्ये उघडेल अशा स्वरूपात ठेवलं तर दुप्पट-तिप्पट. तुमच्या फॅमिली ग्रुपवर सकाळी येणारा सुप्रभातचा व्हिडिओ याहून फार हलका नसतो. महिनाभर रोज व्यायाम केला तरी मूळ स्वरूपातली नोंद २०० एमबीच्या आसपास. क्वेस्ट २ च्या सगळ्यात स्वस्त हेडसेटमध्येही जागा होती ६४ जीबी. आणि फिजिओथेरपिस्टला रोज लागतो तो गोषवारा (किती वेळा, किती उंच, किती वेळ) एका पानात मावतो.

केबल नको असेल तर आणखी एक साधा मार्ग आहे. वाय-फाय आणि इंटरनेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपण विसरलोय. एक साधा राउटर घ्या, त्याला इंटरनेटची वायर जोडूच नका. हेडसेट आणि लॅपटॉप दोन्ही त्या राउटरवर घ्या. अ‍ॅपमध्ये सोय ठेवली असेल तर फाईल खोलीतल्या खोलीत एकीकडून दुसरीकडे जाते, दाराबाहेर पाऊल टाकत नाही. दहा हेडसेट असलेल्या नर्सिंग कॉलेजला किंवा ऑपरेशनचा सराव देणाऱ्या केंद्राला तर हेच सोयीचं.

आणि वैद्यकात हे नवीन थोडंच आहे? हृदयाचे ठोके चोवीस तास टिपणारं होल्टर घ्या. पेशंट दुसऱ्या दिवशी डबी आणून देतो, आम्ही कार्ड किंवा केबल लावून नोंद उतरवून घेतो. झोपेत श्वास अडकणाऱ्यांचं सीपॅप मशीन घ्या. त्यातल्या कितीतरी मशीनमध्ये एक छोटं एसडी कार्ड असतं. रात्री किती तास मास्क लावला, श्वास किती वेळा थांबला, हवा कुठून गळली, सगळं त्यावर. पेशंट ते कार्ड पाकिटात घालून आणतो. इतकंच नाही, त्या कार्डावरची नोंद घरच्या कॉम्प्युटरवर वाचणारी ‘ऑस्कर’ नावाची फुकट प्रणाली आहे आणि जगभरचे हौशी पेशंट आपल्या झोपेचे आलेख स्वतः वाचतात. डॉक्टरांची रोजी-रोटी बुडालेली नाही. उलट पेशंट नीट प्रश्न विचारतो. झोपणाऱ्याला जे मिळतं ते घाम गाळणाऱ्याला का नको?

कंपन्यांचं सगळ्यात आवडतं उत्तर म्हणजे सुरक्षितता. ‘आमच्या क्लाउडवर डेटा सुरक्षित, केबलने काढला की गळणार.’ या उत्तरात थोडं तथ्य आहे, त्याकडे येतो. पण आधी हे पाहा की नेमकं काय पाठवलं जातं. तुमचं नाव काढून टाकलं, नुसती हालचाल पाठवली, तरी ती तुमची ओळख सांगते. बर्कलेच्या संशोधकांनी २०२३ मध्ये ‘बीट सेबर’ या व्हीआर खेळाच्या ५५ हजारांहून जास्त खेळाडूंच्या डोक्याच्या आणि हातांच्या हालचाली तपासल्या. १०० सेकंदांच्या हालचालीवरून हा खेळाडू कोण, हे ९४ टक्क्यांहून अधिक वेळा अचूक सांगता आलं. नुसत्या १० सेकंदांवरून ७३ टक्के. आपण शेजाऱ्याला पाठमोऱ्या चालीवरून ओळखतो ना, तसंच, फक्त पन्नास हजारांच्या गर्दीतून. आणि पेशंटची हालचाल तर आजारही सांगते. हाताचा कंप, एका बाजूचा लुळेपणा, तोल जाणं. अशा नोंदीला ‘नाव काढलंय, काळजी नको’ म्हणणं म्हणजे पत्रिकेवरचं नाव खोडून अंगठा तसाच ठेवण्यासारखं आहे. जी गोष्ट गळली तर परत घेता येत नाही, ती कमीत कमी ठिकाणी असावी. खोलीतल्या खोलीत राहिली तर उत्तम.

आता तथ्याचा भाग. केबलने काढलेली फाईल पेन ड्राइव्हवर टाकून तो पेन ड्राइव्ह रिक्षात विसरणारे लोक आमच्या पेशात आहेत. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पेशंटचे रिपोर्ट टाकणारे तर पोत्याने आहेत. त्यांच्या हाती ही नोंद देताना मलाही धाकधूक वाटते. पण त्यावर उपाय आहेत आणि ते साधे आहेत. फाईलवर पेशंटचं नाव नको, केसपेपरचा नंबर हवा. फाईलला पासवर्ड हवा. पेन ड्राइव्हचा मधला मुक्काम टाळून सरळ विभागाच्या लॅपटॉपवर घ्यायची, तो लॅपटॉप कुलूपबंद. पेशंटची प्रत पेशंटला, त्याच्या सहीनिशी. निष्काळजी कारकुनाच्या भीतीने कोणी रुग्णालयाचं रेकॉर्ड रूम बंद करून कागद परगावी पाठवत नाही.

क्लाउडच्या बाजूने आणखी एक गोष्ट मानायलाच हवी: हेडसेट पडला, फुटला, चोरीला गेला तर त्यातली नोंद गेली. म्हणून क्लाउडवर प्रत असू नये असं मी म्हणत नाहीये. ज्याला हवी त्याने ठेवावी, पेशंटला विचारून. माझं भांडण ‘फक्त तिथेच’ या दोन शब्दांशी आहे.

कारण कंपन्या जातात. पहिला ऑक्युलस क्वेस्ट मे २०१९ मध्ये बाजारात आला. २०२३ च्या सुरुवातीला मेटाने सांगून टाकलं की यात आता नवीन काही येणार नाही, आणि सुरक्षेच्या दुरुस्त्याही २०२४ पर्यंतच. पाच वर्षं. आमच्या ओपीडीतलं बीपीचं मशीन त्याहून म्हातारं आहे. मधल्या काळात आणखी एक नाट्य झालं. ऑक्टोबर २०२० पासून नव्या ग्राहकाला हेडसेट चालू करायला फेसबुकचं खातं सक्तीचं केलं, मग ओरड झाल्यावर ऑगस्ट २०२२ मध्ये ती सक्ती मागे घेऊन ‘मेटा खातं’ आणलं. म्हणजे विकत घेतलेलं यंत्र कोणत्या दारातून उघडायचं, हे विकल्यानंतरही विकणारा बदलू शकतो. मनोरंजनासाठी घेतलेल्याने ते सोसावं. अर्धांग लुळं पडलेल्या माणसाच्या सहा महिन्यांच्या मेहनतीची वही अशा दारामागे ठेवायची?

याहून वाईट घडलेलं आहे. कॅलिफोर्नियातल्या ‘सेकंड साइट’ या कंपनीने अंध माणसांसाठी ‘अर्गस’ नावाचं यंत्र बनवलं होतं. चष्म्यावर कॅमेरा आणि डोळ्याच्या पडद्यावर शस्त्रक्रिया करून बसवलेला तुकडा. जगभरात ३५० हून जास्त लोकांच्या डोळ्यांत ते बसलं. २०२० मध्ये कंपनी जवळजवळ बुडाली आणि ज्यांच्या डोळ्यांत ते यंत्र होतं त्यांना दुरुस्तीला, चौकशीला कोणी उरलं नाही. डोळ्यात बसवलेल्या यंत्राची जर ही गत, तर डॅशबोर्डची काय कथा.

कायद्याकडे वळू, पण थोडक्यात, कारण तिथे फार काही हाती लागत नाही. डॉक्टरांच्या आचारसंहितेचे २००२ चे नियम सांगतात की पेशंटने आपली कागदपत्रं मागितली तर ती ७२ तासांत द्यायची. नियम माझ्यावर बंधनकारक आहे, हेडसेटच्या कंपनीवर नाही. म्हणजे मागणी माझ्याकडे येणार, नोंद दुसऱ्याच्या कुलपात असणार आणि घड्याळ माझ्या नावाने टिकटिकणार. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात तुमच्या कोणत्या माहितीचं काय चाललंय याचा गोषवारा मागण्याची तरतूद आहे. गोषवारा. संपूर्ण माहिती यंत्राला वाचता येईल अशा स्वरूपात उचलून दुसरीकडे नेण्याचा हक्क २०१९ च्या विधेयकात होता, युरोपच्या कायद्यात आजही आहे, आपल्या अंतिम कायद्यातून मात्र तो गळला. एमआरआयची सीडीही कोणत्या कायद्याने मिळालेली नाही. गिऱ्हाइकांनी मागितली म्हणून मिळाली.

तेव्हा मागा. पुनर्वसन केंद्राने व्हीआरचं पॅकेज सुचवलं तर पैसे भरण्याआधी एक प्रश्न विचारा: ‘माझ्या व्यायामाची नोंद मला फाईलमध्ये मिळेल का, आणि ती नेट बंद करून दाखवाल का?’ दुसरा अर्धा भाग विसरू नका. ‘हो हो मिळेल’ सगळेच म्हणतात. वाय-फाय बंद करा, पाच मिनिटं व्यायाम करा, केबल लावा, फाईल उघडून दाखवा. काही अ‍ॅप तर नेट नसलं की उघडतच नाहीत, आधी परवाना तपासायला जातात. ते तिथेच कळेल. फाईल उघडली की तिच्यात कोणता स्तंभ कशाचा, एकक काय, हे लिहिलंय का ते फिजिओथेरपिस्टला बघू द्या. सेंटीमीटर की मीटर हे न लिहिलेला आकडा कुणाच्या कामाचा नाही. आणि तारीख बघा. नेटशिवाय बराच काळ पडून राहिलेल्या यंत्राचं घड्याळ भरकटलेलं असू शकतं. मग मंगळवारचा व्यायाम भलत्याच महिन्यात जाऊन बसतो आणि सुधारणेचा आलेख उलटा दिसतो. बैठक सुरू करताना घड्याळ तपासायला अर्धं मिनिट पुरतं.

माझ्या व्यवसायबंधूंना वेगळं सांगतो. खरेदीच्या ऑर्डरमध्ये एक ओळ घाला: ‘सर्व सराव-नोंदी इंटरनेटशिवाय, खुल्या स्वरूपात, स्तंभांच्या माहितीसह बाहेर काढता आल्या पाहिजेत.’ विक्रेता नाराज होईल. एका हॉस्पिटलने घातली तर तो दुसरीकडे जाईल, दहांनी घातली तर अ‍ॅपमध्ये ती सोय पुढच्या महिन्यात येईल. ते काम फार मोठं नाही, हे बनवणाऱ्यांनाही ठाऊक आहे.

आणि ज्यांनी हेडसेट भाड्याने घरी नेलाय त्यांच्यासाठी, आजच करण्यासारखं. नोंद उतरवून घेतल्याशिवाय अ‍ॅप काढून टाकू नका. अ‍ॅप काढलं की अँड्रॉइड त्या अ‍ॅपचा फोल्डरही पुसून टाकतं. चालेनासं झालं म्हणून कोणी ‘काढून परत टाका’ असा सल्ला दिला, तर आधी केबल लावा. हेडसेट परत करताना केंद्र तो पुढच्या पेशंटसाठी ‘फॅक्टरी रिसेट’ करणार, आणि ते योग्यच आहे, तुमची नोंद पुढच्याच्या हाती जायला नको. पण त्या बटणाच्या आधी तुमची प्रत तुम्हाला मिळाली पाहिजे. परतीच्या पावतीवर सही करण्यापूर्वी ती मागा. सीडीवर, पेन ड्राइव्हवर, नाहीतर निदान गोषवाऱ्याचं एक पान छापून. साडीच्या दुकानाच्या त्या पिशवीत जागा आहे.